पत्र्यावरचा दगड

२१ मार्च २०२४ ची सकाळ. सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी हे तिन्ही जिल्हे हादरले. धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदली गेली. घाबरलेली माणसे अंगणात जमून एकमेकांना विचारत होती, तोवर अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातल्या जांब गावाजवळ होता. त्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना एक आवाहन केले. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधाराला मोठे दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड उतरवून घ्यावेत.

घरमालकांसाठी निघणाऱ्या सरकारी सूचनांमध्ये ही सूचना उजवी म्हणावी लागेल. ती एका दमात सांगून होते, पाळायला पैसा लागत नाही आणि कोणी काय करायचे याबद्दल शंका उरत नाही. तरीही ती अर्धीच आहे. दगड पत्र्यावर हौसेने चढवलेला नसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ सुटते तेव्हा पत्रा उडून शेजारच्या शिवारात जाऊ नये, म्हणून तो तिथे असतो. दगड उतरवल्यावर पत्रा धरून ठेवायचा कशाने, हे आवाहनात नव्हते. अशा वेळी दगड चार दिवस खाली राहणार आणि वळवाचे आभाळ आले की पुन्हा वर जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बांधकामाचे नियम आणि दुरुस्ती यांबाबत स्थानिक प्रशासन आणि घरमालक यांच्यातला संवाद नेमका कुठे अडतो, ते या दगडावरून कळते. आडमुठेपणा म्हणून ज्याकडे पाहिले जाते, त्यामागे बहुतेकदा घरमालकाचे एक रास्त कारण असते. सूचनेत त्या कारणाचे उत्तर नसेल, तर सूचना फलकावरच राहते.

## जमिनीखाली काय चालले आहे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार, आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यात राहणारे. वसमत, औंढा नागनाथ आणि कळमनुरी या तालुक्यांच्या पट्ट्यात, विशेषतः पांगरा शिंदे परिसरात, जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि सौम्य धक्के कित्येक वर्षांपासून लोकांच्या ओळखीचे झाले आहेत. ८ जानेवारी २०२३ ला ३.६, २० नोव्हेंबर २०२३ ला ३.५, मग मार्च २०२४ चे दोन धक्के आणि १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. या वेळचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातल्याच रामेश्वर तांड्याजवळ होता.

इथला खडक म्हणजे लाव्हारसाच्या थरांतून तयार झालेला काळा पाषाण. त्याच्या भेगांमध्ये ताण साठतो आणि सुटतो. उथळ जागी सुटला तर धक्का लहान असूनही सुरुंगासारखा आवाज येतो. नांदेड शहराने २००६ नंतर अशाच लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती.

४.५ चा धक्का म्हणजे किल्लारी नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. मोजपट्टीवर फरक १.७ चाच दिसतो, पण बाहेर पडलेल्या ऊर्जेत तो सुमारे साडेतीनशे पटींचा आहे. मात्र ऑक्टोबर १९९२ पासून किल्लारीतही लहान धक्के येत होते, लोक बाहेर झोपत होते आणि काही महिन्यांनी पुन्हा घरात गेले होते. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका आपोआप विरतात. कोणती विरेल ते आधी कोणालाच सांगता येत नाही. भिंत मात्र आधी सांधता येते.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ प्रयोगशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. अणूहूनही बारीक थरथर मोजणारे यंत्र ज्या तालुक्यात बसणार, तिथल्या घरमालकाला आपल्या भिंतीतली बोटभर भेग कोणाला दाखवायची हे ठाऊक असायला हवे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

## घर कशाचे आहे

या भागात ढोबळमानाने तीन प्रकारची घरे दिसतात. पहिले जुने माळवद. दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर लादनी आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुसरे वीट किंवा दगडाच्या भिंतींवर पत्रे टाकलेले. तिसरे स्लॅबचे, त्यात घरकुल योजनेतली घरेही आली.

माळवद उन्हाळ्यात गार आणि भूकंपात जीवघेणे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपलेल्या गावांत, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती याच भिंती आणि याच मातीखाली. कुडाच्या आणि गवताच्या छपरात राहणारे गरीब तुलनेने वाचले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे भक्कम वाडे राहत्या कुटुंबांसह खाली आले.

भक्कम दिसणारी भिंत पडते कशी, हे एकदा कळले की उपायही कळतो. जाड दगडी भिंत खरे तर एक नसून दोन असतात. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये दगडगोटे व मातीची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारे काही नसेल तर हादऱ्याने ती एकमेकांपासून सुटतात. भिंत आधी पोट काढते आणि मग उलते. म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे असतात. कमी ताकदीच्या बांधकामासाठीचे भारतीय मानक, आयएस १३८२८, सांगते की उंचीत दर ६० सेंटीमीटरच्या थरात आणि आडव्या अंगाने फार तर १.२ मीटर अंतरावर असा एक दगड हवा. लांब दगड मिळत नसेल तर भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले तरी चालते. हे काम गावातला गवंडी करू शकतो, आणि घर पाडावे लागत नाही.

## कोणाच्या हद्दीत कोणता नियम

हिंगोली, वसमत आणि कळमनुरी इथे नगर परिषदा आहेत, औंढा नागनाथ आणि सेनगाव इथे नगर पंचायती. बाकी सगळीकडे घरमालकाचा पहिला संबंध ग्रामपंचायतीशी येतो. ३ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात एकच ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू आहे. कचेरीत तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात.

छोट्या घरमालकाच्या दृष्टीने यातली मुख्य सवलत अशी: १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधताना परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत. मालकीची कागदपत्रे, आराखडा, बांधकाम नियमांनुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती सादर करायची. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ग्रामीण भागात हे अधिकार ग्रामपंचायतीच्या पातळीवर वापरता येतील, असे ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये जाहीर केले.

ही सवलत गावात पोहोचली ती ‘आता परवानगी लागत नाही’ एवढ्या चार शब्दांत. नियम तसेच आहेत, सुटलेली आहे ती फक्त रांग, हा उरलेला भाग वाटेत गळाला. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावे लागते, अभियंत्याचा दाखला लागतो आणि मजला वाढवायचा तर पुन्हा कागद करावे लागतात.

दुरुस्तीबाबत याच्या उलट गैरसमज आहे. गिलावा, रंग, फरशी, कौले किंवा पत्रे बदलणे अशा किरकोळ कामांना सहसा परवानगीची गरज नसते. पण घराला हात लावला की कोणीतरी येऊन मोजमाप करेल आणि घरपट्टी वाढेल, या भीतीने लोक भेगाही बुजवत नाहीत. छताचा भार झेलणारी भिंत काढणे, खांब हलवणे, वर मजला चढवणे ही कामे मात्र वेगळी. ती अभियंत्याला विचारल्याशिवाय करायची नसतात. कशाला कागद लागतो आणि कशाला लागत नाही, याची दोन रकान्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवली, तर निम्म्या शंका तिथेच मिटतील.

## निरोप कुठे अडतो

पहिली अडचण भाषेची. ‘संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावे’ हे वाक्य मराठीच आहे, पण ते वाचून उठून काही करावे असे त्यात नाही. ‘भिंत किती धोक्याची आहे ते इंजिनिअरला दाखवून त्याचा कागद आणा’ असे लिहिले तर कायद्याचे काही बिघडत नाही.

दुसरी अडचण वेळेची. धोकादायक घरांच्या नोटिसा पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. तेव्हा वाळू आणि गवंडी महाग झालेले असतात आणि घरचा पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद विकली जाते ती उन्हाळ्याच्या आसपास. घराच्या कामाचे कुटुंबात बोलणे होते तेही तेव्हाच. नोटीस त्या आधी निघायला हवी.

तिसरी अडचण माणसाची. घर पुरुषाच्या नावावर, नोटीस त्याच्या नावाने, आणि तो ऊसतोडीला किंवा पुण्याच्या बांधकामावर गेलेला. घरात राहते ती बाई. कोणत्या पावसात कुठून पाणी झिरपते आणि कोणत्या धक्क्यानंतर कोणता दरवाजा अडकायला लागला, हे तिला ठाऊक असते. तिला मात्र कोणी विचारत नाही.

चौथी अडचण विश्वासाची. घरमालक पत्रकापेक्षा गवंड्याचे ऐकतो. ‘काही होत नाही, वरून सिमेंट मारू’ असे मिस्त्री म्हणाला की विषय संपतो. ज्याच्या शब्दावर घर उभे राहते, त्यालाच कोणी प्रशिक्षण दिलेले नसते.

## किल्लारीनंतरच्या संवाद सहायक

हे सगळे मराठवाड्याने एकदा करून पाहिलेले आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला. त्यातली ५२ गावांची नवी वसाहत सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठे, पण कमी बोलले गेलेले काम दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे होते. १३ जिल्ह्यांत सुमारे १ लाख ९० हजार घरे, आणि काम घरमालकांनी स्वतः करायचे, सरकारने पैसे आणि मार्गदर्शन द्यायचे.

लवकरच लक्षात आले की कनिष्ठ अभियंता आणि घरमालक एकमेकांची भाषाच बोलत नाहीत. मग प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले आणि हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. बहुतेक जणी महिला मंडळातल्या, गावातल्याच बायका. घराघरांत जाऊन योजना समजावणे, आरपार दगड म्हणजे काय ते भिंतीसमोर उभे राहून दाखवणे, हप्ता का अडला ते विचारून आणणे आणि काम निकृष्ट होत असेल तर ग्रामसभेत बोलणे, असे त्यांचे काम होते.

या प्रयोगाची दुसरी बाजूही शिकण्यासारखी आहे. जुनी भिंत मजबूत करण्यासाठी आलेल्या पैशातून अनेकांनी शेजारी नवी खोली बांधली आणि जुनी भिंत होती तशीच राहिली. लोक चुकले असे म्हणणे सोपे आहे. पण भिंतीच्या पोटात गेलेले काँक्रीट दिसत नाही, खोली दिसते. आणि जिच्याखाली शेजारी गेले, ती दगडी भिंत पुन्हा विश्वासाची होऊ शकते, हे तोंडी सांगून पटत नाही. त्यासाठी गावात एक तरी घर आधी तसे करून दाखवावे लागते.

नेपाळनेही २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर हाच धागा धरला. घरासाठीचे तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले आणि पुढचा हप्ता तपासणीनंतरच. सोबत गवंड्यांना प्रशिक्षण आणि घरोघरी जाणारी तांत्रिक पथके. आपल्याकडे घरकुलाचे १ लाख २० हजार रुपयेही हप्त्यांतच मिळतात आणि दर टप्प्याला अभियंता येऊन फोटो काढतो. सध्या तो फोटो काम कुठवर आले याचा असतो. सळई कोपऱ्यात वळवून घेतली का, दारा-खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवर सलग फिरला का, हे दोन प्रश्न त्याच भेटीत विचारले तर नवा कर्मचारी लागत नाही.

## भेग वाचायला शिकवा

गावात प्रत्येक भेग सध्या भूकंपाच्या नावावर जमा होते. त्यातल्या कित्येक काळ्या मातीच्या असतात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर उथळ पाया वर-खाली होतो. घरमालकाला फरक ओळखता यावा म्हणून एवढे पुरे:

केसासारखी बारीक, फक्त गिलाव्यातली भेग: रंगकामाच्या वेळी बुजवली तरी चालते.

दरवर्षी उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग: संशय पायाखालच्या मातीवर घ्या. घराभोवती पाणी साचू देऊ नका, सांडपाण्याची नाली भिंतीपासून दूर न्या.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग, किंवा दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात वरून खाली उतरणारी उभी भेग: भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. अभियंत्याला दाखवा.

भिंतीने पोट काढले असेल तर ओळंबा सोडून पाहा. दोरी आणि भिंत यांच्यातले अंतर वाढत असेल, तर त्या भिंतीलगत झोपणे आजपासून बंद.

भेग वाढते की थांबली, हे पाहण्याची जुनी युक्ती अशी: तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची किंवा सिमेंटची पातळ पट्टी आडवी लावायची आणि त्यावर तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भेग चालती आहे. दहावीतली मुलगीही हे करू शकते. शाळेने विज्ञानाच्या तासाला तिला एकदा करायला लावले, तर ग्रामपंचायतीकडे गावभरच्या भेगांची नोंदवही आपोआप तयार होईल.

## पंचनाम्याच्या आधीचा फोटो

नुकसान झाल्यावर तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांनुसार सपाटीच्या भागात घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के नुकसान.

वाद होतो तो इथेच. भेग धक्क्याची की आधीची? घरमालकाकडे आधीचा पुरावा नसतो, आणि अधिकाऱ्याकडेही नसतो. घराच्या चारही बाजूंचे आणि आतल्या भिंतींचे फोटो वर्षातून एकदा काढून ठेवायला सांगणे हा संवादाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. घरपट्टीची मागणी देताना कर्मचारी दारात येतोच. त्याच वेळी एवढे सांगावे, आणि वसुलीशी या फोटोंचा संबंध नाही हेही सांगावे.

## सांगायचे कोणी, केव्हा

नवी योजना, नवा निधी याची वाट न पाहता होण्यासारख्या गोष्टी या आहेत.

हिवाळ्यात, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, गावातल्या पडक्या आणि पोट काढलेल्या भिंतींची यादी मोठ्याने वाचावी. दंडाची नोटीस म्हणून नको. कोणाला मदत लागेल, हे विचारण्यासाठी. सुगीचा पैसा हातात असताना काम सुरू होऊ शकते.

तालुक्याच्या ठिकाणी, आठवडी बाजाराच्या दिवशी, गवंड्यांसाठी तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्यांची मजुरी बुडत असेल तर ती द्यावी, कारण फुकट शिकायला हातावर पोट असलेला माणूस येत नाही.

बचत गटातल्या दोन-तीन जणींना भेगा ओळखायला शिकवावे. बाईला बाई विचारते तेव्हा खरी माहिती मिळते.

धक्का बसल्यावर पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर अफवा सुटतात, ‘आज रात्री मोठा येणार’ अशा. पोलीस पाटलाकडे आणि शिक्षकांकडे एक तयार निरोप आधीच असावा. धक्क्याची वेळ आणि आकडा कोणालाही आधी वर्तवता येत नाही, हे त्याचे पहिले वाक्य असावे.

आणि प्रत्येक सूचनेखाली एका माणसाचे पदनाम, त्याची बसायची जागा आणि वार लिहिलेला असावा. ‘अधिक माहितीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’ या वाक्याने आजवर कोणी कुठेही गेलेले नाही.

## तीच सूचना, पुन्हा

आता तो पत्र्यावरचा दगड परत घेऊ. मार्च २०२४ चे आवाहन पूर्ण करायचे झाले, तर ते साधारण असे होईल:

पत्र्यावरचे दगड उतरवा. धक्क्यात ते झोपलेल्या माणसावर पडतात. दगडाऐवजी पत्रा हुक-बोल्टने खालच्या अँगलला किंवा वाशाला आवळा. भोक पन्हळीत पाडू नका, उंचवट्यावर पाडा आणि वॉशर लावा, म्हणजे गळणार नाही. वारा पत्रा कडेने उचलतो, म्हणून वळचणीला आणि कडांना हूक जवळजवळ लावा. अँगल भिंतीत पक्का बसवलेला आहे का ते पाहा, नाहीतर वादळात पत्रा अँगलसकट जाईल. हूक कुठे मिळतात, एका खोलीला किती लागतात, हे ग्रामपंचायतीत सोमवारी विचारा. पैशाची अडचण असेल तर तेही तिथेच सांगा. आणि हूक लागेपर्यंत खाट दगडाखालून हलवा.

मूळ आवाहनापेक्षा हे बरेच लांब आहे. पण वादळात पत्र्याचे काय करायचे, ते यात आहे.